अपोस्टिलला दिलेला दाखला परत येतोय? आधी शेवटची सही कुणाची आहे ते बघा

महाराष्ट्रातला जन्माचा किंवा लग्नाचा दाखला परदेशात दाखवायचा म्हणून अपोस्टिलला दिला आणि तो परत आला. सोबतच्या चिठ्ठीवर तीनच शब्द: 'सही पडताळणी नाही'. मग तोच कागद दुसऱ्या एजंटकडे जातो, तिथूनही परत येतो, मग कुणाच्या तरी ओळखीने तिसऱ्याकडे. तिकडे व्हिसाची तारीख जवळ येत असते. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचे कागद बघितले की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. कागद एका टप्प्यावर अडलेला असतो आणि दुरुस्ती भलत्याच टप्प्यावर चाललेली असते.

म्हणून अपोस्टिल म्हणजे नेमकं काय, तेवढं आधी. ५ ऑक्टोबर १९६१ चा हेगचा करार आहे, तो भारताला १४ जुलै २००५ पासून लागू झाला. करारातल्या देशांनी एकमेकांचे सरकारी कागद दूतावासाच्या शिक्क्यांशिवाय घ्यायचे, फक्त कागद ज्या देशाचा त्या देशाने त्यावर एक ठरावीक नमुन्याचं प्रमाणपत्र लावायचं. आपल्याकडे ते स्टिकरच्या रूपात परराष्ट्र मंत्रालय लावतं. त्यावर क्रमांक घातलेल्या दहा नोंदी असतात: देश, सही कुणाची, सही करणाऱ्याचं पद, शिक्का कुठल्या कार्यालयाचा, कुठे, कधी, कुणी प्रमाणित केलं वगैरे. दाखल्यातला मजकूर खरा आहे असं त्या दहांपैकी एकाही नोंदीत म्हटलेलं नसतं. सही खरी, सही करणारा त्या पदावर होता, शिक्का त्याच कार्यालयाचा. बस्स, एवढीच हमी.

आता दिल्लीतल्या अधिकाऱ्याला तुमच्या गावच्या ग्रामसेवकाची सही ओळखीची असायचं काहीच कारण नाही. त्याच्याकडे असतात राज्याच्या ठरावीक अधिकाऱ्यांच्या नमुना सह्या. राज्याच्या अधिकाऱ्याकडे असतात स्थानिक निबंधकांच्या, म्हणजे जन्म-मृत्यू-विवाहाची नोंद ठेवून दाखला देणाऱ्यांच्या. स्थळाची चौकशी जशी ओळखीच्या ओळखीतून होते, तसाच हा प्रकार: प्रत्येक जण फक्त आपल्या मागच्या माणसाला ओळखतो, त्याच्या मागच्याला नाही.

यावरून निदान करायची रीत सरळ निघते. कागद हातात घ्या, उलटा करा आणि त्यावरची सगळ्यात शेवटची सही शोधा. शेवटची सही निबंधकाचीच असेल, तर राज्याने ती ओळखली नाही. काम निबंधकाच्या कार्यालयात आहे, दिल्लीत नाही. राज्याचा शिक्का आणि सही झाली आहे पण स्टिकर नाही, तर अडचण राज्य आणि परराष्ट्र मंत्रालय यांच्या मध्ये आहे. स्टिकर लागलं आहे आणि परदेशातल्या कार्यालयाने नाकारलं, तर साखळी शाबूत आहे आणि दुखणं वेगळंच आहे. अशा वेळी पुन्हा अपोस्टिल करून काही हाती लागत नाही. पैसे तेवढे जातात.

राज्याच्या टप्प्यावर परत आला

सगळ्यात जास्त कागद इथे अडतात. जन्म, मृत्यू, विवाह असे वैयक्तिक दाखले राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून प्रमाणित होतात, शैक्षणिक कागद शिक्षण विभागाकडून. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच: खालची सही आमच्या दप्तरी आहे का?

ती नसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बदली. दाखला २००९ साली काढलेला, ज्यांनी सही केली ते कधीच निवृत्त झाले, आणि आज नमुना सही आहे ती आत्ताच्या निबंधकांची. अशा दाखल्यावर दुरुस्ती करत बसू नका. जिथे नोंद आहे तिथून आजच्या निबंधकांच्या सहीने नवीन प्रत काढा. नोंद तीच, प्रत नवी. 'पण माझ्याकडे ओरिजिनल आहे' असं अनेक जण म्हणतात. मूळ गोष्ट रजिस्टरमधली नोंद असते, दाखला हा तिचा उतारा. नवीन उताऱ्याची किंमत जुन्यापेक्षा कमी नसते, उलट या कामात जास्तच असते.

दुसरं कारण बारीक आहे आणि बघितल्याशिवाय कळत नाही. सहीच्या जरा वर किंवा बाजूला पेनाने 'करिता' लिहिलेलं असतं. म्हणजे निबंधक रजेवर होते आणि त्यांच्या वतीने दुसऱ्याने सही केली. शिक्का निबंधकांचा, पदनाम निबंधकांचं, सही मात्र वेगळ्याच माणसाची. स्थानिक कामांना असा दाखला बिनबोभाट चालतो, शाळेत चालतो, पासपोर्टलाही चालून गेलेला असतो. नमुना सहीशी ताडून बघायची वेळ आली की तो तिथेच आपटतो. त्यामुळे नवीन प्रत घेताना खिडकीवरून हलण्याआधी चार गोष्टी बघा: सही स्वतः अधिकाऱ्याची आहे, सहीखाली नाव आणि पदनामाचा शिक्का आहे, कार्यालयाचा गोल शिक्का स्पष्ट उमटलाय, आणि दिल्याची तारीख घातली आहे. गोल शिक्का अर्धा कागदाबाहेर गेला असेल किंवा शाई फिकी असेल तर तिथेच पुन्हा मारून मागा. कर्मचारी कुरकुर करतील. करू द्या.

दाखला कुठल्या छापील नमुन्यात (फॉर्ममध्ये) आहे हेही बघा. जन्माचा दाखला नमुना ५ मध्ये असतो, मृत्यूचा नमुना ६ मध्ये. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली मिळणारं प्रमाणपत्र नमुना 'ई' मध्ये असतं. रुग्णालयाने दिलेला जन्माचा कागद, मंगल कार्यालयाची पावती किंवा भटजींनी सही केलेलं विवाहाचं पत्र म्हणजे दाखला नव्हे. विवाह मंडळाचं देखणं सोनेरी कडांचं प्रमाणपत्र घेऊन लोक येतात, तेही नाही.

नोंद सापडत नाही ही वेगळी डोकेदुखी. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे असते, घर होतं तिथे नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत, त्यामुळे सासरच्या गावच्या ग्रामपंचायतीत दहा वेळा खेटे घालून उपयोग नसतो. नोंद आजोळच्या गावी, किंवा आजोळच्या तालुक्यातल्या ज्या रुग्णालयात जन्म झाला त्या नगरपालिकेत असते. आईला किंवा मावशीला एकदा नीट विचारा, दवाखाना कुठला होता. तिथेही नोंद नसेल तर नमुना १० मध्ये अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र मिळतं. काही देश ते इतर पुराव्यांसोबत चालवून घेतात, काही नाही, म्हणून ते घेऊन थांबायचं की उशिरा नोंद करून घ्यायची हे आधी समोरच्या कार्यालयाला विचारून ठरवा. एक वर्षानंतरच्या नोंदीला १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १३ खाली दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तो जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. वेळखाऊ आहे, त्यामुळे व्हिसाची मुलाखत ठरल्यावर नाही, त्याच्या बरंच आधी हात घाला.

नोंद आहे पण तिच्यात बाळाचं नावच नाही, असंही जुन्या नोंदींत सर्रास असतं. नुसतं 'पुरुष' किंवा 'स्त्री', आई-वडिलांची नावं, तारीख, संपलं. असा दाखला अपोस्टिल होऊ शकतो, सही खरी असते ना! पण परदेशात तो तुमचा आहे हे सिद्ध करता येत नाही. त्याच १९६९ च्या कायद्याच्या कलम १४ खाली नाव घालता येतं; नियमाप्रमाणे मर्यादा १५ वर्षांची, आणि जुन्या नोंदींसाठी वेळोवेळी मुदतवाढ दिली गेली आहे. सध्या ती मुदत चालू आहे का ते निबंधकांकडेच विचारा.

लॅमिनेशनबद्दल एक शब्द, कारण हा प्रकार आपल्याकडे प्रेमापोटी होतो. वडिलांनी दाखला जपून राहावा म्हणून प्लास्टिकमध्ये बंद केलेला असतो. प्लास्टिकवर शिक्क्याची शाई बसत नाही, पुसली जाते. इस्त्री फिरवून किंवा कोपऱ्यातून नख घालून लॅमिनेशन सोडवायचे व्हिडिओ आहेत. त्यात कागदाचा वरचा पापुद्रा शिक्क्यासकट निघून येतो आणि मग तो कागद कशालाच चालत नाही. लॅमिनेटेड दाखला तसाच ठेवा आणि दुसरी प्रत काढा. पदवीचं असेल तर विद्यापीठातून दुय्यम प्रत मिळते, तिला वेळ लागतो.

ऑनलाइन काढलेल्या क्यूआर कोडच्या दाखल्यांवरून सध्या बरेच घोळ होतात. डिजिटल सहीचा दाखला कायद्याने पक्का, पण घरच्या प्रिंटरवर छापला की खिडकीवरच्या माणसाला तो रंगीत झेरॉक्ससारखा दिसतो. त्याच्याकडे ताडून बघायला शाईची सही नसते. यावर दोन वाटा आहेत. निबंधकांच्या कार्यालयात जाऊन तीच प्रत सही-शिक्क्याने घ्या, किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-सनद पोर्टलवर तुमचा दाखला देणारी संस्था जोडलेली आहे का ते बघा. जोडलेली असेल तर पडताळणी ऑनलाइनच होते आणि शिक्क्यांसाठी फिरावं लागत नाही. पोर्टलवर नाव नसताना 'होऊन जाईल' म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

शैक्षणिक कागदांचं गणित थोडं वेगळं. पदवी आणि गुणपत्रिका आधी विद्यापीठाकडून पडताळून घ्याव्या लागतात, मग शिक्षण विभाग. दहावी-बारावीचे कागद राज्य मंडळाच्या ज्या विभागीय मंडळाने दिले त्याच्याकडूनच पडताळले जातात. नऊ विभागीय मंडळं आहेत, लातूरची गुणपत्रिका घेऊन पुण्यात उभं राहून उपयोग नाही. शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात नाजूक, कारण त्यावर सही मुख्याध्यापकांची असते आणि ती वरच्या कुठल्याच दप्तरात नसते. त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. ती नसेल तर पुढे पाठवूच नका.

इथे एजंट एक जवळची वाट सुचवतात: राज्यात न जाता दिल्लीतल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या शिक्क्यावर काम करून देतो. काम लवकर होतं, हे खरं. पण पदवी ज्या राज्याची त्या राज्याच्या शिक्षण विभागाचाच शिक्का हवा, अशी अट काही देश आणि काही कंपन्या घालतात. आखातात नोकरीला जाणाऱ्यांनी तर ही वाट धरण्याआधी कंपनीकडून लेखी विचारून घ्यावं.

परराष्ट्र मंत्रालयाच्या टप्प्यावर परत आला

हे तुलनेने कमी होतं आणि उपायही सोपे असतात. राज्याचा शिक्का फिका उमटलाय, सही करणारे नवे आले आहेत आणि त्यांची नमुना सही अजून वर पोचलेली नाही, किंवा राज्याचं प्रमाणीकरण मूळ दाखल्याऐवजी झेरॉक्सवर झालंय. तिन्हींत काम राज्याच्याच कार्यालयात परत जाऊन होतं.

मंत्रालय व्यक्तींकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फतच घेतं. २०१९ पासून हे काम दिल्लीबाहेर मुंबईसह इतर केंद्रांवरही होतं. अपोस्टिलची सरकारी फी दर दस्तऐवजाला ५० रुपये, वर एजन्सीचं ठरावीक सेवाशुल्क. एजंटने हजारोंचा आकडा सांगितला तर तो कशाकशाचा आहे हे फोड करून मागा. राज्याच्या टप्प्यावरची धावपळ हे खरं काम आहे, त्याचे पैसे घेणं गैर नाही, पण ते 'सरकारी फी' म्हणून सांगणं गैर आहे.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटच्या (पीसीसी) बाबतीत लोक उगीच फिरतात. पासपोर्ट कार्यालयाने दिलेलं प्रमाणपत्र केंद्राचाच कागद असल्यामुळे त्याला राज्याचा शिक्का लागत नाही, ते सरळ अपोस्टिलला जातं. याच्या उलट, परदेशातल्या भारतीय दूतावासाने दिलेलं प्रमाणपत्र अपोस्टिल होतच नाही: दूतावासांनी आणि वकिलातींनी केलेले कागद कराराच्या पहिल्याच कलमात वगळलेले आहेत. दुबईतून घेतलेलं भारतीय पीसीसी मुंबईला कुरियरने पाठवून कुणी कितीही प्रयत्न केले तरी त्यावर स्टिकर लागणार नाही. तसंच, परदेशातल्या भारतीय दूतावासात जाऊन भारतातला दाखला अपोस्टिल करून मागणंही फोल आहे. दूतावास साक्षांकन करून देतो, अपोस्टिल नाही.

स्टिकर लागलं, पण तिकडे नाकारलं

पहिला प्रश्न: तो देश करारात आहे का? संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत हे नाहीत. तिथे अपोस्टिलचा उपयोग नाही. राज्य, परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन, मग त्या देशाचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास आणि शेवटी तिथलं परराष्ट्र खातं अशी लांब साखळी लागते. जर्मनीचं प्रकरण आणखी वेगळं. जर्मनी करारात आहे, भारतही आहे, तरी जर्मनीने भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतलेला असल्यामुळे दोघांमध्ये करार लागू नाही. तिथे भारतीय दाखल्यांची सत्यता जर्मन कार्यालयाच्या विनंतीवरून त्यांचे इथले दूतावास माणूस पाठवून प्रत्यक्ष तपासून घेतात. त्यामुळे जर्मनीत लग्नाची नोंद करायला अपोस्टिल घेऊन गेलेल्यांना तिथे थंड प्रतिसाद मिळतो, आणि चूक दाखल्याची नसते.

या याद्या बदलतात. सौदी अरेबिया ७ डिसेंबर २०२२ पासून आणि कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून करारात आले. तरी जुन्या सवयीने सौदीच्या कागदांना दूतावासाचा शिक्का सांगणारे एजंट अजून भेटतात. हेग परिषदेच्या संकेतस्थळावर देशांचा तक्ता असतो, त्यात आक्षेपांचीही नोंद असते; पैसे देण्याआधी तो बघायला पाच मिनिटं लागतात. आणि मुळात अपोस्टिल हवंय का, हेही विचारा. अमेरिकेच्या स्थलांतराच्या अर्जांना सामान्यतः अधिकृत दाखला आणि त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर पुरतं. एजंटला हा प्रश्न विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं.

दुसरी अडचण मला सगळ्यात रंजक वाटते, कारण कागद शंभर टक्के बरोबर असतो. परदेशातला कारकून दाखल्यावरची सही वाचतो: समजा, महापालिकेच्या उपनिबंधकांची. मग स्टिकरवरची दुसरी नोंद वाचतो, 'सही कुणाची', आणि तिथे वेगळंच नाव असतं, राज्याच्या कुठल्यातरी कक्ष अधिकाऱ्याचं. नावं जुळत नाहीत म्हणून तो अर्ज बाजूला ठेवतो. झालेलं असं असतं की आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालय प्रमाणित करतं ती राज्याच्या अधिकाऱ्याची सही, निबंधकाची नव्हे. राज्याची ती सही दाखल्याच्या मागच्या बाजूला असते. आणि अर्जदाराने स्कॅन केलेली असते फक्त पुढची बाजू आणि स्टिकर! मधला दुवाच पाठवलेला नसतो. दोन्ही बाजू पूर्ण, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, रंगीत स्कॅन करा आणि सोबत दोन ओळी लिहा: भारतात स्थानिक दाखला आधी राज्य सरकार प्रमाणित करतं, अपोस्टिलमधलं नाव त्या राज्य अधिकाऱ्याचं आहे, सही मागील बाजूस पाहावी. एवढ्याने बरेच अर्ज पुढे सरकतात.

जास्त पानांच्या दस्तऐवजांत, उदाहरणार्थ घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात, स्टॅपल काढून स्कॅन करू नका. स्टिकर एकाच पानावर असतं. पानं सुटी झालेली दिसली की बाकीची पानं तीच आहेत कशावरून, अशी शंका घ्यायला समोरच्याला वाव मिळतो. पुस्तकासारखं उघडून स्कॅन करा, वाकडं आलं तरी चालेल.

मग येतात नावं. आपल्या कागदांवर नाव लिहायच्या तीन-तीन पद्धती असतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं पूर्ण नाव आणि इतरत्र सासरचं. इंग्रजीत एकीकडे व्ही, दुसरीकडे डब्ल्यू. शाळेच्या दाखल्यावर नावाआधी 'कु.' असतं, भाषांतरकाराने ते तसंच उतरवलं की परदेशात ते पहिलं नाव समजलं जातं. हे अपोस्टिलने सुटत नाही. नोंदीतच चूक असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकांकडून दुरुस्ती करून नवीन प्रत काढायची आणि साखळी पहिल्यापासून करायची. नाव खरोखर बदललेलं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी किंवा विवाह प्रमाणपत्र जोडायचं. नुसता क्रम वेगळा असेल तर 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र अनेक ठिकाणी चालतं, पण ते चालेल का हे आधी विचारा.

गावांची आणि जिल्ह्यांची नावं हा तर आपला खास महाराष्ट्रातला विषय. पासपोर्टवर जन्मस्थान औरंगाबाद आणि नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर. उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर, जुन्यांपैकी बॉम्बे आणि मुंबई. वसईत १९९० साली जन्मलेल्याचा जिल्हा जुन्या कागदावर ठाणे, नव्यावर पालघर, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. लिस्बनमधल्या किंवा टोरोंटोतल्या माणसाला ही दोन वेगळी गावंच वाटणार, त्याचा काय दोष? नामांतराच्या किंवा जिल्हा विभाजनाच्या शासकीय अधिसूचनेची प्रत आणि तिचं भाषांतर दाखल्यासोबतच पाठवा, मागितल्यावर नाही. पासपोर्टवरचं जन्मस्थान बदलण्याच्या फंदात मात्र या एका कारणासाठी पडू नका. एक जुळवायला गेलं की व्हिसा, पदवी, बँक असे चार कागद बिघडतात.

'कागद जुना आहे' हे कारण आलं तर लोक म्हणतात, अपोस्टिलची मुदत संपली. अपोस्टिलला करारात मुदत नाही. मुदत घालतं ते घेणारं कार्यालय, आणि तीही बहुधा मूळ दाखल्यावर: गेल्या तीन किंवा सहा महिन्यांत काढलेला हवा वगैरे. तेव्हा २०१८ च्या दाखल्यावर आज स्टिकर लावून उपयोग नाही. दाखला नवा, त्यावर राज्याचा शिक्का नवा, स्टिकर नवं. आणि ही मुदत अर्ज करण्याच्या तारखेपासून मोजतात की भेटीच्या, ते विचारून मगच प्रत काढा.

भाषांतराचा क्रमही उलटा होतो. आधी भाषांतर, मग अपोस्टिल केलं तर स्टिकरचं आणि मागच्या शिक्क्यांचं भाषांतर राहून जातं, आणि स्पेनसारख्या देशात तेही भाषांतरित लागतं. तिथे भाषांतरकारही त्यांच्याकडे अधिकृत नेमलेलाच हवा. आपल्या नोटरीने शिक्का मारलेलं भाषांतर कितीही उत्तम असलं तरी चालत नाही. तेव्हा सगळे शिक्के पूर्ण झाल्यावर, दोन्ही बाजू देऊन, त्या देशाच्या अधिकृत भाषांतरकाराकडूनच करून घ्या. जन्माचे नवे दाखले मराठी-इंग्रजी असे दोन भाषांत येतात, त्यामुळे इंग्रजी चालणाऱ्या देशांत हा खर्चच वाचतो. हाताने मराठीत लिहिलेला जुना उतारा असेल तर निबंधकांकडे दोन भाषांतली प्रत मागून बघा, भाषांतराच्या आधी.

शेवटचं, स्टिकर खोटं असण्याबद्दल. दुर्मीळ आहे, पण घडतं, आणि ते लक्षात येतं परदेशातल्या खिडकीवर, कारण तिथला कर्मचारी क्रमांक ऑनलाइन तपासतो. कागद हातात आला की तुम्हीही तो क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासा. नाव, तारीख जुळते का बघा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. नोंद सापडली नाही तर आधी क्रमांकातले शून्य आणि 'ओ' उलटसुलट करून बघा. तरीही नाही सापडली, तर एजंटकडून एजन्सीची पावती मागा. पावतीवर स्वीकारल्याची तारीख आणि केंद्र असतं, त्या केंद्रावर थेट चौकशी करता येते. पावती नाहीच असं उत्तर आलं, तर तो कागद कुठेही सादर करू नका. निबंधकांकडून नवीन प्रत काढून पहिल्या टप्प्यापासून स्वतः जा.